नव्या शाळेची बोहनी

जून महिन्याचा मध्य. पेण शहराला लागून मुंबई–गोवा महामार्गावर असलेल्या रामवाडीच्या थांब्यावर सकाळची गर्दी जमते. पाऊस नुकताच स्थिरावलेला असतो. छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दप्तरे आणि एस.टी.ची वाट पाहणारी मुले. बहुतेक जण घोळक्याने उभे असतात. सुट्टीतल्या गमती सांगणे, नव्या वह्यांचे कव्हर दाखवणे, कोणता वर्गशिक्षक मिळणार याचा अंदाज बांधणे असे त्यांचे चाललेले असते. त्या घोळक्यापासून चार पावले दूर एखादे मूल वडिलांचा हात धरून उभे दिसते. त्याचा गणवेश कोरा असतो, बूट कोरे असतात आणि चेहऱ्यावर अनोळखीपणाची छाया असते. ते नव्या शाळेत निघालेले असते.

रायगड जिल्ह्यात हे दृश्य दरवर्षी दिसते. धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे रोह्याची बाजारपेठ वाढली. महामार्ग आणि पनवेल–रोहा लोहमार्ग यांमुळे पेण, नागोठणे, रोहे ही गावे एकमेकांना जवळ आली. व्यापारी कुटुंबे या वाटेने सरकत राहिली. एक भाऊ रोह्याचे जुने दुकान सांभाळतो, दुसरा पेणला नवे उघडतो. कोणी पनवेलला शाखा काढतो, तर कोणी मुंबईची महागाई सोसवत नाही म्हणून गावाकडे परततो. दुकानाची जागा, भाडे, मालाची आवक, उधारीची वसुली या साऱ्यांचा विचार घरात महिनोन्‌महिने होतो. मुलांच्या शाळेचा निर्णय मात्र पुष्कळदा एका वाक्यात संपतो, “तिथेही चांगली शाळा आहे.”

शाळा चांगली असतेही. प्रश्न शाळेचा नसतो. जुन्या शाळेत त्या मुलाची एक ओळख होती. त्याचे अक्षर चांगले आहे हे बाईंना ठाऊक होते, तो धावण्यात पहिला येतो हे वर्गाला ठाऊक होते, त्याच्या डब्यातील खाकरा कोणाला आवडतो हे त्याला ठाऊक होते. नव्या वर्गात यांपैकी काहीच सोबत येत नाही. हजेरीपटाच्या शेवटी लिहिलेले एक नाव, एवढीच त्याची ओळख उरते. काल हुशार म्हणून गणला गेलेला मुलगा आज उत्तर येत असूनही हात वर करत नाही. घरी बडबड करणारी मुलगी शाळेत दोन महिने कोणाशी बोलत नाही. आईवडिलांना वाटते, मूल लाजाळू झाले. वास्तविक त्याने आपली पत गमावलेली असते, आणि ती पुन्हा कशी कमवायची हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

गागोदे ते बडोदे, रोहे ते मुंबई

ज्या मातीतून ही मुले आज नव्या शाळांकडे निघतात, त्याच मातीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मुले अशीच निघाली होती.

पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागला. डोंगराच्या कुशीतले गाव, आजोबांचा धार्मिक सहवास आणि आईच्या तोंडची भजने हे त्यांचे पहिले विद्यालय. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते. लहान वयातच विनायकाला गागोदे सोडून बडोद्यास जावे लागले. गाव बदलले, भोवतालची भाषा बदलली, शाळा बदलली. वडिलांच्या इच्छेमुळे त्यांनी शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. कोकणातील खेड्यातून आलेल्या मुलाला याहून अधिक अपरिचित असे काय असू शकेल?

बडोद्यात त्यांना आधार देणाऱ्या दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे गणित. त्या विषयात त्यांची गती मोठी होती आणि ते प्रेम जन्मभर टिकले. दुसरी म्हणजे मोजके मित्र. बडोद्याच्या विद्यार्थिदशेत जमलेल्या त्या मित्रांपैकी काही जण पुढे आश्रमजीवनात आणि सेवाकार्यात त्यांचे सहकारी झाले. वर्गातील चाळीस मुलांशी मैत्री झाली नाही तरी चालते. जिवाभावाचे दोन-तीन मित्र मिळाले की परके गाव परके राहत नाही.

दुसरा मुलगा चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला आणि बालपण रोह्यात गेले. वडील वकील होते. पुढील शिक्षणासाठी चिंतामण मुंबईस गेला. कुंडलिका नदीकाठच्या त्या छोट्या गावातून आलेला हा विद्यार्थी १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने मिळवली. तेथून तो केंब्रिजला गेला. तेथे विषय निराळे होते. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून त्याने वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही तो पहिला आला. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव ते हेच.

या यशाकडे केवळ बुद्धिमत्तेचा चमत्कार म्हणून पाहिले तर त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. चिंतामणरावांच्या चरित्रातील एक धागा मात्र कोणाही पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. गावे बदलली, देश बदलला, कामाचे स्वरूप बदलले, पण संस्कृतची संगत सुटली नाही. बँकेचे आणि अर्थखात्याचे आकडे हाताळणाऱ्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला आणि गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. जिथे जावे तिथे सोबत नेता येईल असे काही तरी त्यांच्यापाशी होते.

आणखी एक गोष्ट. १९५२ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून गेले. नव्या जगात रुजण्यासाठी जुन्या गावाशी नाते तोडावे लागत नाही, हेही त्यातून दिसते.

वसतिगृहाबाहेर काढलेला विद्यार्थी

तिसरे उदाहरण जैन समाजाला अधिक जवळचे, आणि थोडे अंतर्मुख करणारेही आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासात ते चमकणारे विद्यार्थी नव्हते, शाळेचे शिक्षणही पूर्ण झाले नाही. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

पाहुण्या गावात राहण्याची जागाच गेली तर एखादा मुलगा खचला असता. भाऊरावांनी त्या अनुभवाचे निराळे काही केले. पुढे ओगले यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी फिरते विक्रेते म्हणून काम करताना त्यांनी खेडोपाडी पाहिले की मुलांना शिकण्याची इच्छा आहे, पण राहण्या-जेवण्याची सोय नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. मुलांच्या पोटासाठी पैसा कमी पडला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही.

त्या वसतिगृहात नवा मुलगा आला की त्याच्या वाट्याला काम येई. कोणी पाणी भरी, कोणी भाकऱ्यांना हात लावी, कोणी शेतात जाई. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे बीज येथेच आहे. आर्थिक गरजेतून ही रीत आली हे खरे, परंतु तिचा मनावर होणारा परिणाम आजही विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या हाती काम आहे तो उपरा राहत नाही. “आज पाणी कोणी भरले?” या प्रश्नाला आपले नाव उत्तर म्हणून येऊ लागले की त्या घराचे आपण झालो, ही खात्री मुलाला पटते.

आत्मविश्वास येतो कोठून?

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील एका छोट्या गावात वाढले. त्यांच्या शाळेत शिक्षक फक्त दोन होते. तेथून अमेरिकेत जाऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. “हे काम मला जमेल” अशी माणसाची जी आतली खात्री असते तिच्यावर त्यांनी १९७७ साली महत्त्वाचे विवेचन प्रसिद्ध केले. ही खात्री चार वाटांनी येते, असे त्यांचे सांगणे आहे.

पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे प्रत्यक्ष जमलेले काम. दुसरी, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणे. तिसरी, विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर. चौथी, शरीर आणि मन यांची अवस्था. छाती धडधडत असेल, झोप झाली नसेल, पोटात कालवत असेल तर येणारी गोष्टही येईनाशी वाटते.

आपण पालक नेमके कोणत्या वाटेवर अधिक भर देतो? बहुधा तिसऱ्या. “घाबरू नकोस”, “तू हुशार आहेस”, “सगळे नीट होईल” ही वाक्ये प्रेमाची आहेत, पण एकटी ती पुरी पडत नाहीत. नुसत्या शब्दांनी आलेला धीर वर्गाच्या दारापर्यंत टिकतो. दाराच्या आत टिकतो तो स्वतः केलेल्या कामातून आलेला.

व्यापाऱ्याच्या घरात ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. नव्या पेठेत दुकान मांडणारा माणूस पहिल्या दिवशी मोठ्या विक्रीची अपेक्षा करत नाही. तो वेळेवर दुकान उघडतो, माप चोख ठेवतो, शेजारच्या दुकानदाराशी दोन शब्द बोलतो आणि बोहनीची वाट पाहतो. ती बोहनी दहा रुपयांची असली तरी तो तिला हात जोडतो. गिऱ्हाईक एकदा आले, परत आले, मग त्याने दुसऱ्याला पाठवले, अशी हळूहळू पत वाढते. मुलाच्या नव्या शाळेलाही हाच नियम लागू आहे. मात्र दुकानाला वर्षभराचा अवधी देणारा बाप मुलाला आठ दिवसांत विचारतो, “अजून मित्र झाले नाहीत?”

लहान बोहनी

नव्या शाळेतील अशी छोटी बोहनी कोणती असू शकेल?

महाराष्ट्रातील शाळांत सकाळी परिपाठ होतो. त्यात सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा असे भाग मुलांकडे सोपवलेले असतात. दोन ओळींचा सुविचार सर्वांसमोर वाचणे हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. घरी पाच वेळा मोठ्याने वाचून घेतले तर ते बहुतेक मुलांना जमते. वर्गशिक्षकांना भेटून पालकांनी एवढीच विनंती करावी, “पंधरा-वीस दिवसांनी तिला एखादा सुविचार वाचायला द्या.” भाषणस्पर्धा नको, स्नेहसंमेलनातील मुख्य भूमिका नको. आधी अर्धे मिनिट.

फळा पुसणे, वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत पोहोचवणे, वाचनालयाची पुस्तके लावणे ही कामे मोठ्यांना क्षुल्लक वाटतात. नव्या मुलासाठी ती फार मोलाची असतात, कारण त्या निमित्ताने इतरांना त्याच्याशी बोलावे लागते. कर्मवीरांच्या वसतिगृहातील पाण्याच्या घागरीचेच हे आजचे रूप आहे.

जुन्या शाळेतून सोबत नेता येईल असे काय आहे, हेही घरात बसून शोधावे. कोणाचे चित्र चांगले असते, कोणाची बुद्धिबळाची चाल, कोणाचे पाढे, कोणाचा गळा. दुकानात बसून तोंडी हिशेब करण्याची सवय लागलेली मुले गणिताच्या तासाला सहज पुढे असतात, पण आपले हे कौशल्य शाळेत चालते हे त्यांना सुचत नाही. ते सुचवून द्यावे. नव्या जागी सगळेच नव्याने सिद्ध करावे लागले तर मूल थकते. एक गोष्ट जुनी, हाताखालची असली की बाकीच्यांसाठी बळ उरते.

मैत्रीच्या बाबतीत सक्ती उपयोगाची नाही, सोय मात्र करता येते. त्याच एस.टी.ने जाणारे एखादे मूल कोण, हे पालकांनी शोधावे. थांब्यावरची पाच मिनिटे आणि गाडीतली वीस मिनिटे वर्गातल्या तासांपेक्षा मोकळी असतात. पेणच्या गणेशमूर्ती जगभर जातात. पावसाळ्यात तेथील कारखान्यांत रंगकामाची लगबग चालू असते. शेजारच्या मुलांसोबत ती पाहायला पाठवले तर नवे गाव ओळखीचे होऊ लागते. गाव ओळखीचे झाले की शाळा फार दिवस अनोळखी राहत नाही.

डबा आणि बोली

जैन घरातील मुलाच्या वाट्याला नव्या वर्गात आणखी एक छोटी परीक्षा येते. ती मधल्या सुट्टीत होते. “तू बटाटा खात नाहीस? का?” जुन्या शाळेत हा प्रश्न केव्हाच विचारून संपलेला असतो, नव्या शाळेत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कुतूहलच असते, पण दहा जणांनी एकाच आठवड्यात विचारले की मुलाला आपण विचित्र आहोत असे वाटू लागते. काही मुले डबा झाकून खातात, काही न खाताच परत आणतात.

अशा वेळी मुलाला लांबलचक तत्त्वज्ञान शिकवण्याची गरज नसते. त्याला एक साधे, हसत देता येईल असे उत्तर हवे असते, “आमच्या घरी जमिनीखालचे कंद खात नाहीत. पण हा खाकरा घेऊन बघ.” डब्यात दोन घास जास्त द्यावेत. वाटून खाल्लेला डबा अनेक प्रश्न मिटवतो. पर्युषणाच्या दिवसांत मुलाने उपवास किंवा एकासणे करायचे ठरवले असेल, सहलीत सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल, तर वर्गशिक्षकांना आधी कल्पना द्यावी. कारण ठाऊक असले की शिक्षक सांभाळून घेतात, ठाऊक नसले की मूल सर्वांसमोर खुलासे देत बसते. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे यावर आपल्या मुलाने टीका करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. आपल्या आचाराचा आदर हवा असेल तर दुसऱ्याच्या ताटाचाही आदर करावा लागतो.

बोलीचा प्रश्नही असाच. घरात गुजराती, मारवाडी किंवा कच्छी, गल्ल्यावर मराठी, शाळेत मराठी वा इंग्रजी, अशा तीन भाषांत ही मुले वावरतात. उच्चारात घरच्या बोलीची छटा येते आणि एखादा वर्गमित्र नक्कल करतो. नक्कल एकदा झाली तर ती गंमत असते, रोज झाली तर तो छळ होतो. तीन भाषा येणे हे उणेपण नसून मिळकत आहे, हे मुलाला घरातून कळले पाहिजे. त्याचबरोबर शाळेच्या भाषेचा सरावही वाढवावा. रात्री घरातील सर्वांनी मिळून दहा मिनिटे मराठी वृत्तपत्र मोठ्याने वाचणे हा कोणत्याही शिकवणीपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. माध्यमच बदलले असेल, मराठीतून इंग्रजीत किंवा उलट, तर पहिल्या घटक चाचणीतील गुणांवरून मुलाचा न्याय करू नये. विषय येत असतो, त्यासाठीचे शब्द अजून आलेले नसतात.

कागदपत्रे आणि कायदा

आत्मविश्वासाच्या गोष्टीत दाखल्याचा विषय रूक्ष वाटेल. परंतु दाखला वेळेवर न मिळाल्याने मूल घरी बसले तर त्याचा पहिला महिना वाया जातो आणि वर्गातील बाकांच्या जोड्या तोवर ठरून जातात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार विद्यार्थ्याला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. खाजगी विनाअनुदानित आणि काही विशेष प्रकारच्या शाळांत प्रवेश मागण्यासाठी मात्र हा हक्क वापरता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावा, आणि दाखला सादर करण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू वा नाकारू नये, असे हे कलम सांगते. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे. कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही किंवा मानसिक त्रास देता येत नाही. या तरतुदी पालकांना ठाऊक असाव्यात. त्या भांडणासाठी वापरायच्या असे नव्हे, पण ठाऊक असल्या की बोलताना आवाज स्थिर राहतो.

शाळा बदलताना प्रगतिपुस्तके, आधार कार्ड आणि जन्मदाखला यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. पूर्वीच्या वर्गशिक्षकांकडून मुलाच्या आवडी आणि अडचणी सांगणारी चार ओळींची चिठ्ठी मिळाली तर ती नव्या शिक्षकांना गुणपत्रिकेपेक्षा अधिक सांगून जाते. आणि शेवटच्या दिवशी जुन्या मित्रांचा, शिक्षकांचा निरोप घेण्यासाठी मुलाला पुरेसा वेळ द्यावा. मालाचा टेम्पो भरण्याच्या घाईत हे नेमके राहून जाते. निरोप नीट झाला नाही तर मन मागेच अडकते.

केव्हा सावध व्हावे

बहुतेक मुले एका सत्रात रुळतात. सुरुवातीचे रडणे, गप्प राहणे, जुन्या शाळेची सारखी आठवण काढणे यांत काळजीचे काही नाही. परंतु रविवारी बरे असलेले पोट सोमवारी सकाळीच दुखत असेल, झोप आणि भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडलेली असेल, वस्तू वारंवार हरवत वा फाटत असतील, पूर्वी आवडणारे खेळ नकोसे झाले असतील, तर “नाटक करतो आहे” असे म्हणून सोडून देऊ नये. आधी शांतपणे ऐकावे, मग वर्गशिक्षकांना भेटावे, आणि आवश्यक वाटल्यास डॉक्टर वा समुपदेशक यांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

ऐकण्याचीही एक रीत आहे. “शाळा कशी होती?” या प्रश्नाचे उत्तर “बरी” एवढेच येते. त्याऐवजी “आज मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसलास?” किंवा “आज कोणता तास लवकर संपावा असे वाटले?” असे विचारले की मूल बोलू लागते. दुकान वाढवून घरी आलेल्या वडिलांकडे वेळ थोडा असतो. सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे शांत बसणारे घर मुलाचे ऐकण्यासाठी दहा मिनिटे शांत बसू शकते. त्या दहा मिनिटांत मोबाईल नको, उपदेश नको आणि दुसऱ्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. आपल्याला स्वतःला नव्या पेठेत काय जड गेले, कोणते गिऱ्हाईक परत फिरले, हेही वडिलांनी सांगावे. मोठ्यांनाही नवेपण अवघड जाते हे ऐकून मुलाला जो धीर येतो तो “घाबरू नकोस” या शब्दांनी येत नाही.

विनोबांनी पुढे, १९१६ साली, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता वाटेतच गाडी बदलून काशीचा रस्ता धरला. म्हणजे शाळेत रुळणे हेच आयुष्याचे अंतिम साध्य नव्हे. चिंतामणराव परीक्षांतून वर गेले, विनोबा परीक्षा सोडून गेले, भाऊराव परीक्षांत मागे राहूनही हजारो मुलांना परीक्षेपर्यंत घेऊन गेले. तिघांचे मार्ग निराळे. तिघांनीही विद्यार्थिदशेत परक्या गावी आपली जागा शोधली, आणि ती शोधण्याची सवय पुढे त्यांच्या कामी आली. मुलाला शाळा बदलावी लागली याचे पालकांना वाईट वाटते. त्या वाईट वाटण्यात एवढी एक जमेची बाजू लिहून ठेवता येईल.

दिवाळीची सुट्टी संपते. पाऊस केव्हाच गेलेला असतो आणि रामवाडीच्या थांब्यावर सकाळच्या उन्हात पुन्हा मुलांची गर्दी जमते. जूनमध्ये चार पावले दूर उभे असलेले ते मूल आता कोठे आहे, हे चटकन ओळखता येत नाही. कोरे बूट एव्हाना मळलेले असतात. दुसऱ्या सत्रात कोणी तरी नवे आलेले असते, वडिलांचा हात धरून बाजूला उभे. गाडी येते. घोळक्यातून एक जण मागे वळतो आणि त्या नव्या मुलाला म्हणतो, “ही आपली नाही. मागची येऊ दे.”

‘आपली’ हा शब्द त्याने कोणाकडून शिकलेला नसतो.